टॉकीजचा सिनेमा, सोसायटीचा सिनेमा

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची जन्मतारीख शोधायला फार कष्ट पडत नाहीत. पहिली आवृत्ती २०१४ ची. तेव्हा नाव होतं औरंगाबाद आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. सातवी आवृत्ती फेब्रुवारी २०२० मध्ये झाली आणि लगेच कोविड आला. त्यामुळे आठवी थेट जानेवारी २०२३ मध्ये भरली, नववी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आणि दहावी १५ ते १९ जानेवारी २०२५ या पाच दिवसांत. संस्थेचा इतिहास म्हणून एवढं लिहून, खाली मान्यवरांची यादी जोडून मोकळं होता आलं असतं. स्मरणिकांमधले बहुतेक इतिहास तसेच असतात. दीपप्रज्वलन असतं, आभार असतात. समोर खुर्चीत बसलेला माणूस तिथे कसा येऊन पोचला, याचा पत्ता नसतो.

मला त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. इराणी, जपानी, फ्रेंच चित्रपटासाठी सकाळी साडेनऊला रांगेत उभा राहणारा प्रेक्षक २०१४ साली एकाएकी उगवलेला नाही. त्याच्यामागे साठ-सत्तर वर्षांची पूर्वतयारी आहे, आणि गंमत म्हणजे ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाली. या दोन ठिकाणांचं एकमेकांशी कधी पटलं नाही.

पहिलं ठिकाण टॉकीज. औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात राहणाऱ्याला टॉकीज कधी लांब नव्हती. इकडे भाजीमंडई, जिल्हा परिषद, सरस्वती भुवन, पुस्तकांची दुकानं. चार पावलं गेलं की गुलमंडी, तिकडे निराला बाजार, आणि खडकेश्वरला ‘अंजली’. शिवाय अंबा-अप्सरा, सादिया, मोहन. यातल्या कुणालाही आपण जागतिक चित्रपट दाखवतो असं वाटत नव्हतं. ते पिक्चर दाखवत होते. सकाळच्या खेळाला किंवा मॅटिनीला ‘इंग्लिश पिक्चर’ लागायचा आणि त्या ‘इंग्लिश’ शब्दात सगळं जग मावायचं. इटालियन दिग्दर्शकाने स्पेनच्या माळावर चित्रित केलेला ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) इंग्लिश. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) इंग्लिश. हाँगकाँगची डब केलेली मारामारीसुद्धा इंग्लिशच. स्टॉलमध्ये बसलेल्याला सर्जिओ लिओने हे नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण दोन डोळे पडदाभर दाखवून त्याने माणसांना कसं ताटकळत ठेवलं, हे त्याला नेमकं कळत होतं. दुसऱ्या दिवशी तो मित्रांना ते हातवारे करून दाखवतही होता. मी याला रसग्रहणच म्हणेन.

१५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ आला. सलीम-जावेद यांनी त्यात कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’पासून (१९५४) लिओनेपर्यंत किती ठिकाणचं काय आणून मुरवलं, यावर आता पुस्तकं आहेत. टॉकीजच्या प्रेक्षकाने ती उजळणी पुस्तकाविना केली. जपान आणि इटली रामगढमार्गे त्याच्यापर्यंत पोचले.

दुसरं ठिकाण फिल्म सोसायटी, आणि तिची कहाणी जरा लांबची आहे.

१९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. २४ जानेवारी १९५२ ला मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव उघडला आणि पुढे तो इतर महानगरांत फिरला. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ आणि कुरोसावाचा ‘राशोमोन’ भारतीय प्रेक्षकांपुढे आले ते या महोत्सवात. गाण्याविना, स्टुडिओविना, रस्त्यावरच्या माणसाला घेऊन सिनेमा होतो, ही बातमी त्या हिवाळ्यात देशभर पसरली. राय यांनी ‘बायसिकल थीव्हज’ दोन वर्षं आधी लंडनमध्ये पाहिला होता. ‘पथेर पांचाली’ १९५५ चा. १९५९ साली देशातल्या सोसायट्यांचा महासंघ, म्हणजे फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया, स्थापन झाला. राय त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत राहिले. इंदिरा गांधी काही काळ महासंघाच्या उपाध्यक्षांपैकी एक होत्या. सोसायट्यांना सभासदांपुरते चित्रपट सेन्सॉरविना दाखवण्याची जी सवलत मिळाली, तिच्यामागे अशा ओळखींचं वजनही होतं.

या सवलतीने चळवळीचं भलं केलं आणि थोडी फजितीही केली. न कापलेला परदेशी चित्रपट पाहायला मिळतो, ही बातमी कानोकानी गेली आणि सत्तरच्या दशकात अनेक शहरांतल्या सोसायट्यांची सभासदसंख्या अशी फुगली की पदाधिकाऱ्यांना आनंद मानावा की संकोच, कळेना. स्वीडिश चित्रपटाला हाउसफुल्ल, आणि पुढच्या आठवड्यात रशियन शेतकऱ्यांवरचा चित्रपट लागला की खुर्च्या रिकाम्या. बर्गमनला भारतात जे पहिले हजारो प्रेक्षक मिळाले, त्यांतले निम्मे कोणत्या आशेने आले होते, हे सांगायला समीक्षक लागत नाही. पण आले ते बसले, आणि बसले त्यांतले काही पुढेही येत राहिले. चळवळी अशाही वाढतात.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पुणं हे या सगळ्याचं कोठार. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. संग्रहालयाचे पी. के. नायर रिळं अक्षरशः भंगारातून वेचून आणत. सतीश बहादूर अर्थशास्त्र सोडून चित्रपट शिकवायला आले आणि ‘पथेर पांचाली’ एकेका दृश्यावर थांबून उलगडून दाखवू लागले. त्यांचा आणि संग्रहालयाचा उन्हाळी रसास्वाद वर्ग ही महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची चित्रपटाची शाळा. त्यांच्याबरोबर काम केलेल्या श्यामला वनारसे यांनी हा विचार मराठीत रुजवला.

संग्रहालयाच्या वितरण विभागातून सोसायट्यांना १६ मिलिमीटरच्या प्रती मिळत. जिल्ह्याच्या गावी सोसायटी चालवणं म्हणजे काय, हे आता मोबाइलवर चित्रपट पाहणाऱ्या मुलांना सांगून पटत नाही. प्रत पत्र्याच्या डब्यांतून यायची. सोळा मिलिमीटरचं चारशे फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. प्रोजेक्टर एकच असला तर रीळ संपलं की दिवे लावायचे, नवं रीळ ओवायचं, तोवर लोकांनी आपसांत वाद घालायचा. फिल्म तुटली की चिकटवायची. परत पाठवताना एक डबा कमी निघाला की सचिवाची झोप उडायची. मराठवाड्यात तर यावर आणखी एक कडी होती: रेल्वे. मनमाड-काचीगुडा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होता. मुंबईहून येणाऱ्या माणसाला आणि मालाला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. जग आमच्याकडे उशिरा आलं, ही तक्रार आपण फार करतो. त्यातला बराचसा उशीर मनमाडच्या फलाटावर झालेला आहे.

मुंबईत ५ जुलै १९६८ रोजी ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं. मराठी माणसांनी, मराठीत बोलत, जगाचा सिनेमा पाहायचा असा त्याचा सरळ बाणा. सुधीर नांदगावकर यांनी त्यासाठी आणि महासंघासाठी आयुष्य घातलं. हे १९६८ साल चित्रपट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने विलक्षण आहे, म्हणून इथे जरा थांबतो. त्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये सरकारने सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयाच्या हेन्री लांग्लुआला काढलं. त्रुफो, गोदार यांच्यासह तिथला सगळा चित्रपटवेडा समाज रस्त्यावर उतरला आणि एप्रिलमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. मे महिन्यात कान महोत्सव मधेच बंद पडला. आपल्याकडे त्याच वर्षी मृणाल सेन आणि अरुण कौल यांनी नव्या सिनेमाचा जाहीरनामा काढला.

आणि एप्रिलमध्येच टोकियोत सेइजुन सुझुकीची नोकरी गेली.

सुझुकी निक्कात्सु कंपनीचा पगारी दिग्दर्शक. वर्षाला तीन-चार गुंडपट काढायचे, जोडीच्या खेळात दुय्यम चित्रपट म्हणून ते लावायचे, हे काम. तीच ती पटकथा, तेच मारेकरी, तोच सूड. कंटाळून म्हणा, मस्तीत म्हणा, तो रंगांशी आणि सेटशी खेळायला लागला. ‘टोकियो ड्रिफ्टर’मध्ये (१९६६) नाइट क्लब आधी पिवळा, मग पांढरा, आणि मारेकरी फिकट निळ्या सुटात गाणं गुणगुणत येतो. ‘ब्रँडेड टू किल’मध्ये (१९६७) नायक भाडोत्री मारेकऱ्यांच्या क्रमवारीत तिसरा आहे, शिजणाऱ्या भाताच्या वासाने त्याला चेव येतो, आणि एकदा ऐन नेमाच्या क्षणी फुलपाखरू येऊन दुर्बिणीवर बसतं. कंपनीच्या अध्यक्षांनी हा चित्रपट काही समजत नाही असं म्हणून त्याला घरी बसवलं. त्याच सुमारास काझुको कावाकिता यांच्या सिने क्लबने सुझुकीच्या चित्रपटांचा सिंहावलोकन महोत्सव आखला होता. कंपनीने प्रती देणंही बंद केलं. मग सोसायटीवाले, विद्यार्थी, इतर दिग्दर्शक रस्त्यावर आले, खटला उभा राहिला आणि १९७१ मध्ये तडजोड झाली. दहा वर्षं सुझुकीला मोठ्या कंपनीत काम मिळालं नाही असं म्हणतात. पण चित्रपट जिवंत राहिले ते क्लबांमुळे.

हे इतक्या विस्ताराने सांगतोय कारण टोकियोच्या सोसायटीने जी गोष्ट केली, ती आपल्या सोसायट्यांनी सहसा केली नाही. ती गुंडपटाच्या दिग्दर्शकासाठी भांडली. आपल्याकडे गुंडपट, भयपट, नाचगाण्याचा चित्रपट म्हणजे टॉकीजचा माल. सोसायटीत जायचं ते वास्तववाद पाहायला. दारिद्र्य हवं, पाऊस हवा, शक्यतो सायकल हवी. छायाचित्रण फार देखणं असलं तर ‘तंत्राच्या आहारी गेलेला’ असा शेरा ठरलेला. मेलव्हिलचा ‘ले सामुराय’ (१९६७) घ्या. सुरुवातीची सुमारे दहा मिनिटं त्यात कुणी बोलत नाही. करड्या खोलीत एक माणूस पलंगावर पडलाय, पिंजऱ्यात पक्षी आहे, मग तो उठतो आणि आरशात पाहून हॅटची कड सारखी करतो. कथा विचाराल तर एका खुनाची, दोन ओळींत संपेल. बाकी सगळा चित्रपट त्या हॅटच्या कडेत आहे. त्या माणसाचं एकटेपण, त्याची शिस्त, त्याचा मृत्यूही. याला नुसती शैली म्हणून बाजूला सारणाऱ्याने मग अजिंठ्याला जाऊ नये. तिथे पद्मपाणीच्या भुवईची रेघ आणि हातातल्या कमळाचा कल हेच सांगणं आहे. सतराव्या लेण्यात सिंहलाची गोष्ट एकाच भिंतीवर जहाजापासून लढाईपर्यंत वाहते, तोच माणूस पुन्हापुन्हा येतो, मधे चौकट नाही. हे ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांनी ‘फार सजवलाय’ म्हणून चित्रपट नाकारावा, याचं मला नेहमी नवल वाटत आलंय.

चळवळीच्या संस्थापकाने तरी हा सोवळेपणा पाळला होता का? राय यांनी १९६९ मध्ये ‘गूपी गाइन बाघा बाइन’ काढला आणि त्यात भुतांना कितीतरी मिनिटं नाचवलं. ‘सोनार केल्ला’ (१९७४) सरळ गुप्तहेरपट. त्यांचा गुप्तहेर फेलूदा १९७३ च्या ‘कैलाशे केलेंकारी’ या कादंबरीत मूर्तिचोरांच्या मागावर आपल्याच शहरात उतरतो आणि वेरूळच्या लेण्यांत शिरतो. संदीप राय यांनी २००७ मध्ये त्यावर चित्रपटही केला. म्हणजे फेडरेशनचे अध्यक्ष औरंगाबादकडे पाहत होते ते रहस्यकथेच्या नजरेने. त्यांच्या अनुयायांनी मात्र ‘पथेर पांचाली’ उचलला आणि भुतं कलकत्त्यातच ठेवली.

सोसायट्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. वकिलातींकडून चित्रपट फुकट मिळत. सोव्हिएत, झेक, हंगेरियन, फ्रेंच, आणि मॅक्स म्युलर भवनाकडून जर्मन. जे मिळेल ते दाखवायचं, ही परिस्थिती होती, आणि कोणतीही वकिलात आपल्या देशाचा भयपट मोठ्या अभिमानाने पाठवत नाही. तरीही झेक चित्रपटांच्या गठ्ठ्यातून वेरा खितिलोवाचा ‘डेझीज’ (१९६६) बाहेर पडू शकला. दोन मुली जग बिघडलंय म्हणून आपणही बिघडायचं ठरवतात आणि शेवटी मेजवानीचं टेबल पायदळी तुडवतात. त्यांच्या देशाच्या सत्ताधाऱ्यांना अन्नाची नासाडी दाखवल्याचा राग आला होता. असा चित्रपट जिथे जिथे लागला असेल तिथल्या चर्चासत्राला मी गैरहजर होतो, याची हळहळ वाटते.

आणखी एक श्रेय. खेड्यातल्या माणसाला असला सिनेमा कळत नाही, हे मत सोसायट्यांनीच खोडून काढलं. कर्नाटकातल्या हेग्गोडूला के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासमने सत्तरच्या दशकात चित्रपट सोसायटी काढली, सतीश बहादूर तिथे जाऊन वर्ग घेत आणि सुपारीच्या बागांत राबणारी माणसं ‘राशोमोन’वर बोलत. आपल्याकडच्या जिल्हा-तालुक्यांतल्या माणसांनी हा दाखला फार वापरला. त्यांना तो हवाच होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन घरोघरी पोचलं. रविवारी दुपारी प्रादेशिक पारितोषिकविजेते चित्रपट घरबसल्या दिसू लागले. मग व्हिडिओ कॅसेट. सोसायटीची वर्गणी भरून लाकडी खुर्चीवर बसायची गरज संपली आणि राज्यभर अनेक सोसायट्या निवांतपणे मिटल्या. मधल्या काळात मराठीत एक गोष्ट चांगली झाली: लिहिलं गेलं. अरुण खोपकर यांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’, मुंबईत गणेश मतकरी यांचं ‘चौकटीबाहेरचा सिनेमा’, आणि आपल्या मराठवाड्यात नांदेडहून सतत लिहीत राहिलेले विजय पाडळकर. पाडळकरांच्या लेखांनी इथल्या अनेकांना न पाहिलेले चित्रपट तोंडपाठ केले. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात उभ्याउभ्या वाचलेला एखादा चित्रपट, पुढे प्रत्यक्ष पाहिला तर वर्णनापेक्षा जरा कमीच वाटायचा.

शहराचं स्वतःचं बळ मात्र चित्रपटात नव्हतं, नाटकात होतं. निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणासाठी उभी राहिलेली सरस्वती भुवन संस्था, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसं, कमलाकर सोनटक्के यांनी घडवलेला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, महाविद्यालयांच्या एकांकिका. या वातावरणात चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि अख्खी टोळी मुंबईला गेली. ‘चारचौघी’ (१९९१) पुढची गोष्ट. नाटकवाल्या गावाला एक खोड असते: चित्रपट पाहतानाही ते संवाद ऐकतं. मुलाखती, चर्चा, प्रश्नोत्तरं यांना इथे जेवढी गर्दी होते तेवढी अनेक मोठ्या शहरांत होत नाही, त्याचं कारण तेच. पण दहा मिनिटं कुणी न बोलणारा चित्रपट इथे चुळबुळ निर्माण करतो, याचंही कारण तेच.

२०१४ मध्ये महोत्सव सुरू झाला तेव्हा हे सगळे धागे हाताशी होते. नाथ ग्रुपचे नंदकिशोर कागलीवाल, एमजीएमचे अंकुशराव कदम आणि यशवंतराव चव्हाण सेंटर यांनी पाठबळ दिलं. फिल्म सोसायटी चळवळीत मुरलेले समीक्षक अशोक राणे आणि नाटकातून चित्रपटात गेलेले चंद्रकांत कुलकर्णी यांनी संचालनाची, निवडीची बाजू घडवली. दहाव्या आवृत्तीला मानद अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते, महोत्सव संचालक सुनील सुकथनकर. भारतीय चित्रपटांच्या स्पर्धेचा पुरस्कार ‘सुवर्ण कैलास’, जीवनगौरवाचा ‘पद्मपाणी’. उद्घाटन एमजीएमच्या रुक्मिणी सभागृहात, चित्रपट प्रोझोन मॉलमधल्या आयनॉक्सच्या पडद्यांवर.

इथे मला एक निरीक्षण नोंदवायचं आहे, आणि ते आयोजकांनी ठरवून केलंय की आपसूक झालंय याने फरक पडत नाही. पद्मपाणी २०२४ मध्ये जावेद अख्तर यांना मिळाला. म्हणजे ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या दोन लेखकांपैकी एकाला. २०२५ मध्ये सई परांजपे यांना. ‘स्पर्श’ (१९८०) हा सोसायटीच्या पसंतीचा चित्रपट हे खरं, पण लोकांच्या मनात घर केलं ते ‘चष्मेबद्दूर’ (१९८१) आणि ‘कथा’ (१९८३) या हसवणाऱ्या चित्रपटांनी. एक पुरस्कार मारधाडीच्या लेखकाकडे, दुसरा विनोदाच्या दिग्दर्शिकेकडे. चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या सोसायटीच्या कार्यकारिणीत ही दोन नावं एकापाठोपाठ मंजूर झाली असती, असं मला वाटत नाही. टॉकीजचा प्रेक्षक आणि सोसायटीचा प्रेक्षक इथे पहिल्यांदा एका रांगेत उभे राहिले.

पूर्ण समेट झालाय असं मात्र नाही. जागतिक विभागात आजही गंभीर, सामाजिक, संथ यांना झुकतं माप आहे. त्यांतले अनेक चित्रपट उत्तम असतात. प्रश्न त्यांच्या दर्जाचा नाही. प्रश्न असा की जो तरुण कोरियन थरारपट, जपानी भयपट, स्पॅनिश रहस्यपट घरी मोबाइलवर रात्री दोनपर्यंत पाहतो, तो महोत्सवात येऊन ते विसरून का बसतो? वाँग कार-वाईचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) आता सगळ्यांना मान्य आहे. जिन्यातून डबा घेऊन उतरणारी मॅगी च्युंग, दर दृश्यात वेगळा चाँगसाम आणि मागे वाजणारं व्हायोलिन. ती धून मुळात सुझुकीच्या ‘युमेजी’साठी (१९९१) झालेली. गुंडपटांच्या कारखान्यातून निघालेल्या माणसाच्या चित्रपटातली धून अशी जगातल्या सर्वांत शालीन प्रेमपटात येऊन बसते. हे नातं दाखवणारा एखादा विभाग इथे का असू नये? कोबायाशीचा ‘क्वाइदान’ (१९६४) हा भुतांचा चित्रपट आहे, त्याचं रंगवलेलं आकाश पाहून लेण्यांत वाढलेल्या डोळ्यांना ओळख पटेल. जॅक देमीच्या ‘अंब्रेलाज ऑफ शेरबुर्ग’मध्ये (१९६४) पेट्रोल भरायला सांगतानाही माणसं गातात. संगीत नाटकाच्या महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. आणि आपला कमल स्वरूप, ‘ओम दर-ब-दर’वाला (१९८८). त्या चित्रपटाचा अर्थ लावायच्या भानगडीत मी पडलेलो नाही आणि तरी तो मला अर्धाअधिक पाठ आहे.

तंत्राने आता सबब ठेवलेली नाही. पस्तीस मिलिमीटरचा दोन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १०,८०० फूट फिल्म, हमालाशिवाय हलत नसे. आता डीसीपी, म्हणजे चित्रपटाची डिजिटल प्रत, एका हार्ड डिस्कवर येते. तिला कुलूप असतं, किल्ली वेगळी ईमेलने येते, आणि ती ठरलेल्या पडद्यावर ठरलेल्या तासांतच चालते. खेळ वेळेत सुरू झाला नाही की संयोजकांचे चेहरे उतरतात ते यासाठी. मनमाडचा फलाट गेला, पण सचिवाची झोप उडायची सोय राहिलीच.

जागेचा मुद्दा उरतो. प्रोझोन चिकलठाणा एमआयडीसीत, सिडको ओलांडून पूर्वेला. महोत्सवाला पडदा, ध्वनी, खुर्च्या चांगल्या लागतात, तेव्हा तिथे जाणं बरोबरच आहे. पण जुन्या शहरातला, औरंगपुरा-गुलमंडी-खडकेश्वरचा प्रेक्षक पायी जाऊन चित्रपट पाहणारा. त्याला रात्री दहाचा खेळ सुटल्यावर रिक्षा मिळवणं हे कुठल्याही थरारपटाइतकंच कठीण. शिवाय महोत्सव पाच दिवसांचा. जानेवारीत तयार झालेली भूक फेब्रुवारीत मोबाइलवर भागते आणि बोलायला शेजारी कुणी नसतं.

म्हणून दहा आवृत्त्यांनंतर एक सूचना लेखी देतो, म्हणजे पुढच्या स्मरणिकेच्या लेखकाला विचारता येईल की तिचं काय झालं. जुन्या शहरात, पायी जाता येईल अशा एखाद्या सभागृहात, महिन्यातून एक संध्याकाळ चित्रपट आणि नंतर तासभर भांडण. शैलीबाज, विक्षिप्त, भीतीचे, हसण्याचे, मारामारीचे चित्रपट आधी. पाऊस आणि सायकल नंतर. वर्गणी परवडेल एवढी. तरुणांना निवड समितीत निम्म्या जागा, कारण त्यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिलंय. पहिला चित्रपट कोणता, यावर मित्रांत आत्ताच दोन तट आहेत. एक तट ‘ले सामुराय’ म्हणतो, लोक घाबरून पळणार नाहीत म्हणून. मी ‘ब्रँडेड टू किल’च्या बाजूने आहे.